पेशीपटलातील मेद आणि प्रथिने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेच्या पुस्तकातले पेशीपटलाचे चित्र बहुतेकांच्या डोक्यात पक्के बसलेले असते. गोल डोके आणि दोन शेपट्या असलेल्या रेणूंच्या दोन ओळी, आणि मध्येच कुठेतरी रुतलेला प्रथिनाचा मोठा गोळा. हे चित्र चूक नाही, पण त्यात मेद म्हणजे नुसती भर वाटते आणि सगळे काम प्रथिने करतात असा समज होतो. प्रत्यक्षात मेदांवाचून ही प्रथिने नीट उभीसुद्धा राहत नाहीत, आणि कोणता मेद कोणत्या थरात राहील हे प्रथिने ठरवतात. दोघांना वेगवेगळे शिकवण्याची पद्धत मला पटत नाही, म्हणून इथली उत्तरेही दोघांची मिळून दिली आहेत.

पेशीपटल नेमके कशाचे बनलेले असते?

मुख्यतः मेद आणि प्रथिने यांचे. त्याशिवाय बाहेरच्या बाजूने या दोघांनाही जोडलेल्या शर्करांच्या साखळ्या असतात. मेदांच्या दुहेरी थराची जाडी सुमारे ५ नॅनोमीटर भरते. माणसाच्या केसाच्या जाडीत अशी दहा हजारांहून जास्त पटले एकावर एक मावतील.

प्रमाण मात्र सगळीकडे सारखे नसते. प्राणीपेशीच्या बाह्यपटलात वजनाने साधारण निम्मी प्रथिने असतात. चेतातंतूंभोवतीच्या मायलिनचे काम विद्युतरोधकाचे, म्हणून त्यात मेद सत्तर-ऐंशी टक्क्यांपर्यंत जातात. तंतुकणिकेच्या आतल्या पटलात याच्या उलट सुमारे तीन चतुर्थांश वजन प्रथिनांचे असते, कारण ऊर्जा तयार करणारी सारी यंत्रणा तिथेच बसवलेली आहे. पटल काय काम करते याचा अंदाज नुसत्या या प्रमाणावरूनही बऱ्यापैकी बांधता येतो.

एक गोष्ट लक्षात ठेवावी. प्रथिनाचा रेणू मेदाच्या रेणूपेक्षा कितीतरी जड असतो. त्यामुळे वजनाने निम्मे-निम्मे असले तरी संख्येने पाहता एका प्रथिनामागे साधारण ५० मेदरेणू येतात.

मेद पाण्यात आपोआप दोन थरांत कसे रचले जातात? त्यांना कोणी रचत नाही का?

कोणीच रचत नाही. पटलातला सर्वांत नेहमीचा मेद म्हणजे फॉस्फोलिपिड. ग्लिसरॉलच्या कण्याला दोन मेदाम्लांच्या लांब शेपट्या आणि एक फॉस्फेट असलेले डोके, अशी त्याची रचना असते. डोक्याला पाणी मानवते, शेपट्यांना मानवत नाही.

इथे एक गैरसमज फार जुना आहे, तो म्हणजे शेपट्या एकमेकींना जोरात ओढतात. त्यांच्यातली ओढ तशी बेताचीच असते. पाण्याचे रेणू आपसांत हायड्रोजन बंध सतत जुळवत-तोडत असतात. मध्ये मेदाची शेपटी आली की तिच्याशी असा बंध जुळत नाही, आणि तिच्या भोवतीच्या पाण्याची हालचाल आखडते. शेपट्या एकत्र झाल्या की ते अडकलेले पाणी मोकळे होते. म्हणजे शेपट्यांना एकत्र लोटणारे खरे कारण पाणी आहे. पाणी नसेल तर पटलही नाही.

मग दोन थरच का? ते रेणूच्या आकारावरून ठरते. एकच शेपटी असलेला साबणाचा रेणू डोक्याकडे रुंद आणि मागे निमुळता असतो. असे रेणू जमले की छोटे गोलक होतात. दोन शेपट्यांमुळे फॉस्फोलिपिड साधारण दंडगोलाकार होते, आणि दंडगोल शेजारी शेजारी लावले की सपाट थर मिळतो. या थराची कड उघडी राहिली तर तिथल्या शेपट्या पाण्याला लागतात, म्हणून थर स्वतःवर वळून बंद होतो. पटलाला पडलेले बारीक छिद्र आपोआप बुजते, तेही याच कारणाने.

थर दोनच असतात हे कसे कळले?

१९२५ साली नेदरलँड्समधील लायडन येथे एव्हर्ट गोर्टर आणि एफ. ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशी निवडल्या. सस्तन प्राण्यांच्या परिपक्व तांबड्या पेशीत केंद्रक नसते, आतली दुसरी पटलेही नसतात. म्हणजे तिच्यातून जो मेद निघेल तो बाह्यपटलाचाच. त्यांनी ॲसिटोन वापरून मेद काढला, पाण्याच्या पृष्ठभागावर एका रेणूच्या जाडीचा थर होईल असा पसरला आणि त्याचे क्षेत्रफळ मोजले. ते पेशींच्या पृष्ठभागाच्या सुमारे दुप्पट भरले. माणूस, कुत्रा, मेंढी, ससा अशा वेगवेगळ्या प्राण्यांच्या रक्तावर त्यांनी हे करून पाहिले.

पुढे लक्षात आले की या मोजणीत दोन त्रुटी होत्या. ॲसिटोनने सगळा मेद निघत नाही, आणि पेशीचे क्षेत्रफळही त्यांनी कमी धरले होते. दोन्ही त्रुटींनी एकमेकींना भरून काढले आणि उत्तर बरोबर आले. म्हणून या प्रयोगाला नशिबाचा खेळ म्हणणारे आहेत. मला ते अन्यायाचे वाटते. तांबडी पेशी निवडणे आणि मेदाचे क्षेत्रफळ पेशीच्या क्षेत्रफळाशी ताडून पाहणे, हा विचारच त्या काळी नवा होता.

प्रथिनांना मात्र योग्य जागा मिळायला आणखी बरीच वर्षे लागली. १९३५ मध्ये डॅव्हसन आणि डॅनिएली यांनी मांडलेल्या प्रतिमानात प्रथिने मेदांच्या दोन्ही बाजूंना लेपासारखी होती. ती आरपार जातात आणि थरात सरकू शकतात, हे १९७२ मध्ये सिंगर आणि निकोल्सन यांच्या ‘प्रवाही मोझेक’ प्रतिमानाने रुळवले.

पटलात मेदांचे इतके प्रकार कशाला लागतात?

नुसता अडसर उभा करायचा असता तर एकच प्रकार पुरला असता. प्रत्यक्षात सस्तन प्राण्यांच्या पेशींत हजाराहून अधिक वेगवेगळे मेदरेणू सापडतात. डोके बदलते, शेपटीची लांबी बदलते, शेपटीतले दुहेरी बंध बदलतात, आणि या प्रत्येक बदलाचा परिणाम कामावर होतो.

दुहेरी बंधाचेच पाहू. पामिटिक आम्लाची १६ कार्बनची शेपटी सरळ असते. ओलिइक आम्लाच्या १८ कार्बनच्या शेपटीत मध्यावर एक दुहेरी बंध असतो आणि तिथे ती वाकते. वाकलेल्या शेपट्या दाटीने लागत नाहीत, त्यामुळे पटल सैल राहते. अनेक फॉस्फोलिपिडांत एक शेपटी सरळ आणि एक वाकलेली अशी जोडी असते.

डोक्यांचे प्रकारही महत्त्वाचे आहेत. फॉस्फॅटिडिलकोलीनवर एकंदर विद्युतभार नसतो, फॉस्फॅटिडिलसेरीनवर ऋण भार असतो आणि तो धन भाराच्या प्रथिनांना पटलाच्या आतल्या बाजूला धरून ठेवतो. फॉस्फॅटिडिलइथेनोलअमीनचे डोके लहान असल्याने ते पटलाला वळण द्यायला मदत करते. तंतुकणिकेच्या आतल्या पटलात चार शेपट्यांचे कार्डिओलिपिन असते आणि ऊर्जा तयार करणाऱ्या प्रथिनसंकुलांना ते घट्ट चिकटलेले आढळते.

माझ्या लेखी सगळ्यांत विलक्षण मेद म्हणजे पीआयपी-२. पटलातल्या फॉस्फोलिपिडांत त्याचा वाटा जेमतेम टक्काभर असतो. पण एखादे संप्रेरक पेशीच्या ग्राहीवर, म्हणजे बाहेरचा निरोप टिपणाऱ्या प्रथिनावर, येऊन बसले की फॉस्फोलायपेज सी हे विकर या मेदाचे दोन तुकडे करते. एक तुकडा पाण्यात विरघळून आत जातो आणि आंतर्द्रव्यजालिकेत साठवलेले कॅल्शियम सोडवतो. दुसरा पटलातच राहून प्रथिन कायनेज सी या विकराला जागे करतो. हाच मेद अखंड असताना काही पोटॅशियम वाहिन्या, म्हणजे पोटॅशियमला वाट देणारी प्रथिने, उघड्या ठेवतो. तो तुटला की त्या बंद होतात. अशा रेणूला भर म्हणणे कठीण आहे.

आणि हे सगळे प्राण्यांपुरते झाले. वनस्पतींच्या हरितलवकाच्या पटलांत फॉस्फेटऐवजी गॅलॅक्टोज जोडलेले मेद बहुसंख्य असतात. फॉस्फरस दुर्मीळ असतो, तो असा वाचतो. उकळत्या झऱ्यांतही जगणाऱ्या काही आर्किया सूक्ष्मजीवांत एकच मेदरेणू पटलाच्या या बाजूपासून त्या बाजूपर्यंत जातो, त्यामुळे उष्णतेने दोन थर सुटे होण्याचा प्रश्नच येत नाही.

कोलेस्टेरॉल वाईट असते ना? मग ते पटलात काय करते?

रक्तवाहिन्यांच्या आजाराशी जोडले गेल्याने त्याचे नाव बदनाम झाले आहे, पण कोलेस्टेरॉलवाचून प्राणीपेशीचे पटल चालत नाही. काही पेशींच्या बाह्यपटलात दर फॉस्फोलिपिडामागे जवळपास एक कोलेस्टेरॉलचा रेणू असतो.

त्याची चार वलये जुळून एक ताठ पट्टी झालेली असते. तिच्या टोकाचा हायड्रॉक्सिल गट फॉस्फोलिपिडांच्या डोक्यांशेजारी राहतो आणि पट्टी शेपट्यांच्या वरच्या भागाला टेकते. उष्णता असताना ती शेपट्यांची वळवळ आवरते. थंडीत त्यांना एकमेकींना घट्ट चिकटून गोठू देत नाही. शिवाय फटी बुजल्याने लहान रेणूंची गळती कमी होते.

पेशी त्याची मोजदाद फार काटेकोरपणे ठेवते. आंतर्द्रव्यजालिकेच्या पटलातले कोलेस्टेरॉल तिथल्या मेदांच्या सुमारे ५ टक्क्यांखाली गेले की स्कॅप नावाचे प्रथिन आपला आकार बदलते आणि कोलेस्टेरॉल बनवणारी जनुके चालू होतात.

बुरशीच्या पटलात कोलेस्टेरॉलऐवजी अर्गोस्टेरॉल असते. ॲम्फोटेरिसिन बी हे औषध अर्गोस्टेरॉलला धरते आणि अझोल गटातली औषधे ते तयारच होऊ देत नाहीत. एका मेदातल्या छोट्या फरकावर बुरशीरोधक औषधांचा एवढा मोठा भाग उभा आहे.

पटल ‘प्रवाही’ असते म्हणजे नेमके किती?

चित्रांवरून वाटते त्यापेक्षा कितीतरी जास्त. मेदाचा रेणू आपल्या थरात सेकंदाला साधारण दोन मायक्रोमीटर अंतर कापतो. म्हणजे लहानशा जिवाणूच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला त्याला एखादा सेकंद पुरतो. पण एका थरातून दुसऱ्या थरात उडी मारायची तर डोके शेपट्यांच्या तेलकट भागातून न्यावे लागते, आणि ते स्वतःहून घडायला कित्येक तास, कधी दिवस लागतात.

प्रथिने सरकतात हे फ्राय आणि एडिडिन यांनी १९७० मध्ये दाखवले. त्यांनी उंदराची आणि माणसाची पेशी एकमेकींत विलीन केली आणि दोघींच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांना वेगवेगळ्या रंगांची चमकणारी प्रतिपिंडे लावली. सुरुवातीला अर्धी पेशी एका रंगाची आणि अर्धी दुसऱ्या रंगाची दिसत होती. ३७ अंश सेल्सियसला सुमारे ४० मिनिटांत रंग सगळीकडे मिसळले. तापमान १५ अंशांवर ठेवले तेव्हा मिसळणे जवळजवळ थांबले. प्रथिने तीच होती, फक्त भोवतालचा मेद घट्ट झाला होता.

म्हणूनच सजीव या प्रवाहीपणाला जपतात. ई. कोलाय जिवाणू थंडीत वाढवला तर तो वाकलेल्या शेपट्यांचे प्रमाण वाढवतो. थंड पाण्यात राहणारे मासेही तेच करतात.

तरीही सगळीच प्रथिने मनमुराद फिरत नाहीत. काही आतल्या सांगाड्याला बांधलेली असतात. तांबड्या पेशीत स्पेक्ट्रिनची जाळी अँकिरिन या प्रथिनामार्फत पटलाला जखडलेली असते. ही बांधणी जन्मतः कमकुवत असेल तर पेशी तबकडीसारखी न राहता गोल होते आणि प्लीहेत लवकर नष्ट होते.

पटलाचे दोन्ही थर सारखेच असतात का?

अजिबात नाही. तांबड्या पेशीच्या बाहेरच्या थरात मुख्यतः फॉस्फॅटिडिलकोलीन आणि स्फिंगोमायलिन असते, तर आतल्या थरात फॉस्फॅटिडिलसेरीन आणि फॉस्फॅटिडिलइथेनोलअमीन. शर्करा असलेले मेद फक्त बाहेरच्या थरात सापडतात.

ही विषमता फुकट मिळत नाही. फ्लिपेज ही प्रथिने एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, खर्च करून सेरीनवाले मेद सतत आत ओढत असतात. पेशी मरणपंथाला लागली की फ्लिपेज बंद पडते, स्क्रॅम्बलेज ही दुसरी प्रथिने दोन्ही थर मिसळून टाकतात आणि फॉस्फॅटिडिलसेरीन बाहेर दिसू लागते. भक्षक पेशी ती खूण ओळखतात आणि मरणारी पेशी गिळतात. रक्तबिंबिका मात्र जिवंतपणीच हे मुद्दाम करतात, कारण जखमेपाशी रक्त गोठवणारे घटक याच ऋण भाराच्या मेदावर जमतात. स्कॉट सिंड्रोम या दुर्मीळ आजारात स्क्रॅम्बलेज बिघडलेले असते आणि रक्तस्राव लवकर थांबत नाही.

तेलकट थरात प्रथिन टिकून कसे राहते?

प्रथिनाच्या साखळीचा कणाच मुळात अडचणीचा आहे. त्यावर जागोजागी असे गट असतात ज्यांना हायड्रोजन बंध हवाच असतो, आणि तेलकट भागात बंध जुळवायला पाणी नसते. साखळी सर्पिलाकार वळली की हे गट आपसांतच बंध जुळवतात, आणि बाहेरच्या बाजूला पाणी टाळणारी अमिनो आम्ले ठेवली की सर्पिल शेपट्यांमध्ये सुखाने बसते.

आता हिशेब करून पाहा. सर्पिलात प्रत्येक अमिनो आम्ल लांबीत ०.१५ नॅनोमीटरची भर घालते. पटलाचा तेलकट गाभा सुमारे ३ नॅनोमीटर जाड असतो. तीनला ०.१५ ने भागले की उत्तर येते २०. जनुकात सलग वीसेक जलविरोधी अमिनो आम्लांची ओळ दिसली की ते प्रथिन पटलात राहत असावे, असा तर्क यावरूनच करतात. असे शोधले असता बहुतेक सजीवांत २० ते ३० टक्के जनुके पटलातल्या प्रथिनांची निघतात. मला ही मोजणी फार प्रिय आहे, कारण मेदांच्या थराची जाडी थेट जनुकात लिहिलेली दिसते.

काही प्रथिने एकदाच आरपार जातात, जसे तांबड्या पेशीतले ग्लायकोफोरिन. काही सात वेळा जातात. जिवाणूंच्या बाहेरच्या पटलातली पोरिन प्रथिने सर्पिलाऐवजी पिंपाचा आकार घेतात. आणखी काही प्रथिने आरपार जातच नाहीत. त्यांना पेशी एखादी मेदाची शेपटी जोडून देते आणि तिच्या आधाराने ती पटलाला धरून राहतात. कर्करोगाशी संबंध असलेले रास हे प्रथिन त्यातलेच. ती शेपटी जोडली गेली नाही तर रास आपले काम करू शकत नाही.

प्रथिने पटलात शिरतात कशी?

बहुतेक वेळा तयार होता होताच. रायबोझोममधून साखळीचा पहिला जलविरोधी तुकडा बाहेर आला की एक संदेशओळख कण त्याला पकडून आंतर्द्रव्यजालिकेवर नेतो. तिथे सेक-६१ नावाची वाहिनी असते आणि ती बाजूनेही उघडते. तेलकट तुकडा त्या बाजूच्या दारातून मेदांत सरकतो. कोणते टोक कुठे राहील याचाही एक नियम आहे: धन भाराची अमिनो आम्ले असलेली बाजू सहसा पेशीद्रव्याकडे राहते. प्रथिनांना अशी पत्त्याची खूण असते हे दाखवणारे गुंटर ब्लोबेल यांना १९९९ चे नोबेल मिळाले.

पटलातली प्रथिने करतात तरी काय?

मेदांच्या थरातून ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड सहज जातात, पाणी थोडे जाते, ग्लुकोज अगदी मुश्किलीने जाते आणि सोडियम-पोटॅशियमचे आयन जवळपास जातच नाहीत. पेशीला जे हवे त्यातले बरेच या दुसऱ्या टोकाचे असते, म्हणून पंप, वाहिन्या आणि वाहक प्रथिने लागतात.

सोडियम-पोटॅशियम पंप एटीपीच्या एका रेणूमागे तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. येन्स स्कोऊ यांनी तो १९५७ मध्ये ओळखला. आपण स्वस्थ पडून असतानाही शरीराच्या ऊर्जेचा मोठा वाटा त्याच्यावर खर्च होतो.

पोटॅशियम वाहिनीवर थोडे थांबण्यासारखे आहे. तिच्यातून सेकंदाला सुमारे दहा कोटी आयन जाऊ शकतात, तरी सोडियम मात्र जवळजवळ जात नाही. सोडियम तर पोटॅशियमपेक्षा लहान! मग लहान आयन का अडतो? १९९८ मध्ये रॉडरिक मॅकिनन यांच्या गटाने एका जिवाणूच्या वाहिनीची रचना उलगडली तेव्हा कारण डोळ्यांना दिसले. पाण्यात असताना आयनाभोवती पाण्याचे ऑक्सिजन असतात, आणि अरुंद वाहिनीत शिरताना ते सोडावे लागतात. वाहिनीच्या भिंतीतले ऑक्सिजन अशा अंतरावर बसवलेले आहेत की पोटॅशियमला पाण्याइतकाच आधार मिळतो. सोडियमला ते दूर पडतात. पाणी सोडण्याची किंमत त्याला भरून मिळत नाही, म्हणून तो बाहेरच राहतो.

पीटर आग्रे यांनी १९९२ मध्ये ओळखलेली ॲक्वापोरिन ही पाण्याची वाहिनी. तिच्यातून पाण्याचे रेणू एका रांगेत, सेकंदाला अब्जावधींच्या संख्येने जातात, पण प्रोटॉन जात नाही. तो गेला असता तर आम्लतेतला जो फरक पेशी कष्टाने राखते तो क्षणात नाहीसा झाला असता. आग्रे आणि मॅकिनन यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले.

तिसरे मोठे काम निरोप आत पोचवण्याचे. सात वेळा आरपार जाणाऱ्या ग्राहींची माणसात ८०० हून अधिक जनुके आहेत. वास, प्रकाश, ॲड्रेनलिन असे कितीतरी निरोप त्यांच्याकडूनच आत जातात. आज वापरात असलेल्या औषधांपैकी सुमारे एक तृतीयांश या एकाच घराण्यावर काम करतात.

पटलाच्या विजेबद्दल ऐकले आहे. पटलाच्या दोन बाजूंमधला विद्युतदाब खरेच मोठा असतो का?

चेतापेशीत तो फक्त ७० मिलिव्होल्टच्या आसपास असतो. पण तो ५ नॅनोमीटरवर पडतो. भागाकार केला तर मीटरमागे सुमारे १ कोटी ४० लाख व्होल्ट येतात. कोरड्या हवेत ३० लाखांच्या आसपासच ठिणगी पडते. पातळ मेदथर हे सहन करतो आणि त्यात बसलेल्या वाहिन्यांचे धन भाराचे सर्पिल या क्षेत्रातला बदल जाणून सरकतात. चेतासंदेश त्यातूनच निघतो.

रक्तगटाचा पेशीपटलाशी काय संबंध?

थेट संबंध आहे. तांबड्या पेशीवरच्या मेदांना आणि प्रथिनांना जोडलेल्या शर्करासाखळीचे टोक रक्तगट ठरवते. टोकाला एन-ॲसिटिल गॅलॅक्टोजअमीन असेल तर ए, गॅलॅक्टोज असेल तर बी, दोन्ही प्रकारची टोके असतील तर एबी आणि यातले काहीच जोडलेले नसेल तर ओ.

भुलीची औषधे मेदांवर काम करतात की प्रथिनांवर?

हा वाद जवळजवळ शतकभर चालला. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मेयर आणि ओव्हरटन यांना स्वतंत्रपणे दिसले की औषध तेलात जितके जास्त विरघळते तितकी त्याची भूल तीव्र असते. त्यावरून औषध मेदांत शिरून पटल बिघडवते असे मानले गेले. १९८४ मध्ये फ्रँक्स आणि लीब यांनी काजव्याचे ल्युसिफरेज हे प्रथिन घेतले, ज्यात मेदाचा अंशही नव्हता. भुलीची औषधे त्यालाही रोखतात, आणि रोखण्याची तीव्रता भुलीच्या तीव्रतेशी जुळते, असे त्यांना आढळले. आज चेतापेशींवरच्या गाबा-ए ग्राहीसारखी प्रथिने हेच मुख्य लक्ष्य मानले जाते. तेलात विरघळण्याचा गुण तरीही वाया जात नाही; प्रथिनातल्या ज्या खोबणीत औषध बसते ती तेलकट असते.

साबणाने काही विषाणू निकामी होतात ते कशामुळे?

ज्या विषाणूंना मेदाचे आवरण असते त्यांच्या बाबतीत साबणाचे रेणू त्या आवरणात घुसतात आणि ते विस्कटून टाकतात. ज्यांना असे आवरण नसते, केवळ प्रथिनांचे कवच असते, त्यांच्यावर हा परिणाम होत नाही.

पटलातले ‘मेदतराफे’ खरे आहेत का?

१९९७ मध्ये सायमन्स आणि इकोनेन यांनी मांडले की कोलेस्टेरॉल आणि स्फिंगोमेद (स्फिंगोमायलिनसारखे मेद) एकत्र येऊन थोडे घट्ट तराफे तयार होतात आणि ठरावीक प्रथिने त्यांवर जमतात. कृत्रिम पटलात असे वेगळे भाग सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतात. जिवंत पेशीत ते असलेच तर फार लहान आणि क्षणभंगुर असतात, म्हणून वाद मिटलेला नाही. पूर्वी डिटर्जंटमध्ये जे विरघळत नाही त्याला सरसकट तराफा म्हणत, ती पद्धत सोडून दिली गेली हे बरेच झाले. मला तरी तराफा ही ठाशीव वस्तू मानण्यापेक्षा काही मेद काही प्रथिनांशेजारी जास्त वेळ थांबतात, एवढेच म्हणणे आजच्या पुराव्याला धरून वाटते.

आहारातला मेद पटलात जातो का?

काही प्रमाणात जातो. ओमेगा-३ मेदाम्ले खाल्ली की काही आठवड्यांत तांबड्या पेशींच्या पटलात त्यांचे प्रमाण वाढलेले मोजता येते. पण पेशी स्वतः शेपट्या बदलून प्रवाहीपणा सांभाळत असल्याने पटलाचे गुणधर्म त्या मानाने फारसे हलत नाहीत.

पटलातल्या प्रथिनांचा अभ्यास इतका अवघड का?

पहिल्या प्रथिनाची, मायोग्लोबिनची त्रिमितीय रचना १९५८ मध्ये मिळाली. पटलातल्या प्रथिनाची अणूंच्या पातळीवरची पहिली रचना यायला १९८५ उजाडले. मधली २७ वर्षे अडून राहिली ती मेदामुळे. प्रथिन पटलातून काढायचे तर डिटर्जंट लागतो, आणि भोवतालचा मेद निघून गेला की बरीच प्रथिने कोलमडतात किंवा गोळा होऊन खाली बसतात.

हेंडरसन आणि अन्विन यांनी १९७५ मध्ये यातून वेगळी वाट काढली. त्यांनी प्रथिन पटलातून काढलेच नाही. बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन हे प्रथिन एका मीठप्रेमी जीवाच्या जांभळ्या पटलात स्वतःच ओळीने रचलेले असते. त्या पटलाचीच इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने चित्रे घेऊन त्यांनी सात सर्पिले दाखवली. दहा वर्षांनी डायझेनहोफर, हुबर आणि मिशेल यांनी प्रकाशसंश्लेषी जिवाणूच्या अभिक्रिया केंद्र या पटलातल्या प्रथिनसंकुलाचे स्फटिक बनवून रचना उलगडली आणि १९८८ चे नोबेल मिळवले.

आता मेदाच्या छोट्या चकतीत प्रथिन बसवून ते गोठवायचे आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे, ही रीत रुळली आहे. अशा चित्रांत प्रथिनाला धरून बसलेले मेदरेणू कितीदा स्पष्ट दिसतात.

पटलातल्या एका प्रथिनात बिघाड झाला तर काय होते?

सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराचे उदाहरण घ्या. क्लोराइड सोडणारी सीएफटीआर ही वाहिनी १४८० अमिनो आम्लांची असते. तिचे जनुक १९८९ मध्ये सापडले. सर्वाधिक रुग्णांमध्ये ५०८ व्या जागेवरचे एकच अमिनो आम्ल, फिनिलॲलॅनिन, गळलेले असते. त्यामुळे प्रथिनाची घडी नीट बसत नाही, आंतर्द्रव्यजालिकेतली तपासणी ते अडवते आणि पेशी ते मोडून टाकते. वाहिनी पटलापर्यंत पोचतच नाही. फुप्फुसांतला चिकट द्रव घट्ट होतो, जंतुसंसर्ग वारंवार होतात.

२०१२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले आयव्हाकाफ्टर हे औषध पटलात पोचलेली पण नीट न उघडणारी वाहिनी उघडी ठेवते. २०१९ मधल्या तीन औषधांच्या मिश्रणात घडी सुधारणारी दोन औषधे त्याच्या जोडीला आली, आणि ५०८ व्या जागेचा दोष असलेल्या बहुसंख्य रुग्णांना उपचार मिळाला. आयव्हाकाफ्टर नेमके कुठे बसते हे पाहिले तेव्हा ते वाहिनीच्या आत, आयनांच्या वाटेवर सापडले नाही. ते तिच्या बाहेरच्या अंगाला, सर्पिले जिथे मेदांच्या शेपट्यांना टेकतात त्या खाचेत बसलेले आहे. तिथपर्यंत ते मेदांच्या थरातूनच येत असावे.